नगरसेवकसाहेब, हिशेब द्या!

वऱ्हाडांतील शेतकरी, मजूर व कारागीर बंधु-भगिनींनो!

जानेवारी २०२६ मध्यें अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत महापालिकेची निवडणूक झाली. ताशे वाजले, गुलाल उधळला, मिरवणुकी निघाल्या. अमरावतीस ८७ आणि अकोल्यास ८० असे एकूण १६७ नगरसेवक तुमच्या मतांनीं निवडून गेले. पंधरा दिवस तुमच्या उंबरठ्यावर हात जोडून उभे राहणारे हे गृहस्थ आतां साहेब झाले. त्यांचें अभिनंदन असो! पण हार घालून झाल्यावर एक प्रश्न विचारणें आमचें कर्तव्य आहे, आणि तो आम्ही पहिल्याच वर्षीं विचारतों. कारण पांचव्या वर्षीं विचारलेला प्रश्न म्हणजे पीक गेल्यावर घातलेलें कुंपण. प्रश्न साधा आहे: साहेब, हिशेब केव्हां देणार?

हिशेब म्हटला कीं साहेब एक गुळगुळीत कागदाचें पुस्तक पुढें करतात. त्याचें नांव ‘कार्य-अहवाल’. वाचकहो, हें पुस्तक एकदां तरी नीट उघडून पाहा. पहिल्या पानावर मोठ्या पुढाऱ्याचें मोठें चित्र, धाकट्या पुढाऱ्याचें धाकटें चित्र, आणि मध्यें साहेब हात जोडून उभे. दुसऱ्या पानावर साहेबांचा वाढदिवस. तिसऱ्या पानावर नारळ फुटत आहे. चौथ्या पानावर फीत कापली जात आहे. पांचव्या पानावर बांकडें आहे आणि त्याच्या पाठीवर रंगानें लिहिलें आहे, ‘अमुक साहेबांच्या प्रयत्नानें’. बांकडें तुमच्या घरपट्टीचें, नांव मात्र साहेबांचें! बैलानें वर्षभर राबावें आणि पोळ्याच्या दिवशीं मालकानें ती झूल आपल्याच अंगावर घालून गांवभर मिरवावें, तसाच हा प्रकार.

आतां त्या पुस्तकांत काय नसतें तें पाहा. आपल्या प्रभागांतून वर्षांत घरपट्टी किती गोळा झाली, हें नसतें. त्यांतलें आपल्या वस्तीवर किती खर्च झालें, हें नसतें. रस्त्याचा ठेका कोणास, किती रुपयांस दिला, तो रस्ता किती वर्षें टिकावयाचा होता आणि किती पावसाळ्यांत उखडला, हें नसतें. नळास महिन्यांतून किती दिवस पाणी आलें, हें नसतें. झाडूवाले किती नेमले आणि त्यांतले किती प्रत्यक्ष आले, हेंहि नसतें. किराणा दुकानदार उधारीची वही ठेवतो ती यापेक्षां शंभर पटीनें प्रामाणिक; तींत तारीख असते, माल असतो, रक्कम असते, आणि दुकानदाराचा फोटो नसतो!

मार्च २०२२ मध्यें दोन्ही महापालिकांच्या जुन्या सभागृहांची मुदत संपली. महापालिकेची मुदत पांच वर्षें आणि ती संपण्यापूर्वींच नवी निवडणूक झाली पाहिजे, असें घटनेंत लिहिलें आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीनें १ जून १९९३ पासून हा देशाचा कायदा आहे. तरीहि जानेवारी २०२६ पर्यंत, पावणेचार वर्षांहून अधिक काळ, या दोन्ही शहरांत एकहि नगरसेवक नव्हता. सरकारनें नेमलेला प्रशासक हाच महापौर, हीच स्थायी समिती, हेंच सभागृह! पैसा मागणारा तोच, मंजूर करणारा तोच, खर्चणारा तोच आणि ‘सर्व ठीक आहे’ असा शेरा मारणाराहि तोच. गांवच्या सोसायटींत असा कारभार झाला तर गांवकरी कुलूप लावतील. पण लाखो लोकांच्या दोन शहरांत तो चालला आणि कोणास त्याची लाज वाटली नाहीं.

कारण काय सांगितलें? इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांचा वाद न्यायालयांत आहे आणि प्रभागांची रचना ठरावयाची आहे, असें सांगितलें. म्हणजे माळी, तेली, कुंभार, सुतार, लोहार, न्हावी, शिंपी यांचें नांव पुढें करून सभागृहाचें दार बंद ठेवलें. आणि त्या बंद दाराबाहेर सर्वांत अधिक काळ कोण उभे राहिले? तेच माळी, तेली, कुंभार आणि लोहार! बंगलेवाल्याचें काम फोनवर होतें. त्याला नगरसेवक असला काय, नसला काय, सारखेंच. ज्याच्या घरापुढें गटार तुंबतें आणि ज्याची ओळख कोणत्याहि साहेबाशीं नाहीं, त्याला विचारावयाचें एकच माणूस असतें, तें म्हणजे आपल्या मतानें निवडलेला सभासद. तेंच माणूस पावणेचार वर्षें नाहींसें केलें. मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निवडणुका घेण्याचा हुकूम दिला आणि राखीव जागा २०२२ च्या पूर्वीप्रमाणें ठेवण्यास सांगितलें, तेव्हां कोठें गाडी हलली.

या काळांत अधिक भरडले गेले ते शहराच्या कडेचे लोक. अकोल्याची हद्द २०१६ सालीं वाढली आणि २४ गांवें महापालिकेंत आलीं. मलकापूर, खडकी, शिवणी, उमरी या नांवांना पूर्वीं ग्रामपंचायत होती. ग्रामपंचायत म्हणजे स्वर्ग, असें आम्ही म्हणत नाहीं. तेथेंहि कुंपण शेत खात असे. पण तेथें एक गोष्ट होती: ग्रामसभा. कायद्यानें वर्षांतून चार वेळां ती भरवावी लागते, आणि तींत खर्चाचा कागद लोकांपुढें ठेवावा लागतो. फाटक्या धोतराचा म्हातारा उठून सरपंचास तोंडावर विचारूं शकतो, “काऊन बाप्पा, विहिरीचा पैसा कोठी गेला?” उत्तर खोटें मिळेल, पण तें चारचौघांत द्यावें लागतें, आणि चारचौघांत बोललेलें खोटें फार दिवस टिकत नाहीं.

गांव शहरांत गेलें आणि तो म्हातारा मुका झाला. ग्रामसभा मेली. तिच्या जागीं शहराची सभा जन्मास यावयाची होती, ती आली नाहीं. कर मात्र वेळेवर जन्मला! २०१७ सालीं अकोल्यांत घरपट्टी वाढली. लोक न्यायालयांत गेले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें वाढ रद्द केली. पुढें २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल फिरवून महापालिकेच्या बाजूनें निर्णय दिला. न्यायालयाचा निर्णय आम्हांस शिरसावंद्य आहे. कर कायदेशीर ठरला, तर कर भरावा. पण ज्या कायद्यानें कर घेण्याचा हक्क मिळतो, त्याच कायद्यानें हिशेब देण्याचें कर्तव्यहि अंगावर येतें. एक हात पसरावयाचा आणि दुसरा हात पाठीमागें लपवावयाचा, ही रीत यापुढें चालणार नाहीं.

अमरावतीकरांनीं हें अकोल्याचें दुखणें म्हणून सोडून देऊं नये. १९८३ सालीं अमरावतीची महापालिका झाली, तेव्हां बडनेरा आणि लगतचीं गांवेंहि तींत आलीं. चार दशकें उलटलीं. तरी कडेच्या वस्तीचा माणूस अजून ‘शहरांत जाऊन येतों’ असें म्हणतो. तो शहराचाच करदाता आहे, पण शहर आपलें आहे असें त्याच्या जिभेवर येत नाहीं. त्याला दोष देऊं नका. शहरानें त्याला कधीं सभेंत बसविलें आहे काय?

आतां पाण्याचें पाहा. अमरावतीस पाणी येतें तें मोर्शी तालुक्यांतील सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणावरून, आणि तें पुरवितें महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. अकोल्यास पाणी येतें तें महान येथील काटेपूर्णा धरणावरून, आणि तें पुरविते खुद्द महापालिका. म्हणून अमरावतीचा नगरसेवक म्हणतो, “पाणी आमच्याकडे नाहीं, प्राधिकरणाकडे आहे.” अकोल्याचा नगरसेवक असें म्हणूं शकत नाहीं, म्हणून तो म्हणतो, “धरणांत पाणी नाहीं.” आणि पावसाळ्यांत धरण भरून वाहूं लागलें कीं म्हणतो, “पाइप जुना आहे.” अकोल्याच्या उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यांत खारपाणपट्टा पसरला आहे, तेथें जमिनींत खोल गेलें तरी पाणी मचूळच लागतें. अशा मुलखांत नळाचें पाणी ही चैन नव्हे, तो जीव आहे. म्हणून पाण्याचें वेळापत्रक, फुटलेल्या पाइपाची तारीख आणि दुरुस्तीची तारीख या तीन गोष्टी प्रत्येक प्रभागांत फळ्यावर लिहिल्या गेल्या पाहिजेत. याला कोट्यवधि रुपये लागत नाहींत. एक खडू लागतो.

मागें एका वस्तींत आम्ही बसलों होतों. वस्तीचें व साहेबांचें नांव सांगत नाहीं. ज्याला टोपी बसेल त्यानें घालावी. एका म्हातारीनें विचारलें, “भाऊ, नळ कवा येईन?”

“येईन ना माय, मी वर बोललो हाये.”

“वर म्हंजे कोठी?”

“अधिकाऱ्याइले.”

“मंग अधिकारी काय म्हंते?”

“ते म्हंते, वरून मंजुरी नाई.”

म्हातारी पदर सांवरून उठली आणि म्हणाली, “म्हंजे सबन वरच हाये बाप्पा! पाणीबी वर, मंजुरीबी वर. खाली तेवढी आमची घागर!”

बंधूंनो, मोठमोठ्या पंडितांनीं ग्रंथ लिहून जें सांगितलें नसतें, तें त्या अडाणी म्हातारीनें एका वाक्यांत सांगितलें.

या ‘वर’च्या खेळांत साहेबांचा एक फायदा असतो. जें कायद्यानें तुमचें आहे, तें त्यांच्या हातून उपकार म्हणून तुम्हांस मिळतें. जन्माचा दाखला, मृत्यूचा दाखला, घरपट्टीचा उतारा ही भीक नव्हे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्यानें अशा सेवांस मुदत घातली आहे. मुदतींत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० पासून ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. पण हें साहेबांच्या अहवालांत कधीं छापलेलें पाहिलें काय? तेथें छापलेलें असतें, ‘साहेबांनीं शेंकडों नागरिकांस दाखले मिळवून दिले’! ज्या दिवशीं प्रत्येक सुताराला आणि प्रत्येक भाजीवालीला हा कायदा कळेल, त्या दिवशीं साहेबांच्या दारापुढची रांग संपेल; आणि रांग संपली कीं साहेबकीहि संपेल. म्हणूनच हा कायदा तुम्हांस कोणी सांगत नाहीं.

भाजीवालीवरून आठवलें. पहांटे शेतांतून मेथी-सांभाराच्या जुड्या घेऊन शहरांत येणारी बाई रस्त्याच्या कडेला बसली कीं अतिक्रमणाची गाडी येते आणि टोपली उचलून नेते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणें आधीं विक्रेत्यांची पाहणी करावयाची, त्यांची जागा ठरवावयाची, आणि शहराच्या फेरीवाला समितींत निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांतूनच घ्यावयाचे. पहिलें काम समितीचें आणि मागाहून गाडीचें. आमच्याकडे गाडी आधीं येते! आपल्या प्रभागांतील किती विक्रेत्यांची नोंद झाली, एवढा एक आंकडा नगरसेवकानें सभेंत सांगावा. मग त्याच्या वाढदिवसाचा केक आम्हीहि खाऊं.

आतां साहेबांचे बचाव ऐकूं. पहिला बचाव: “आम्हांस अधिकार नाहींत, सारें आयुक्ताच्या हातीं आहे.” यांत सत्याचा अंश आहे. १९४९ च्या महापालिका कायद्यानें अंमलबजावणीचा अधिकार सरकारनें पाठविलेल्या आयुक्ताकडे दिला आहे. पण अंदाजपत्रक सभागृह मंजूर करतें, आणि मोठे ठेके १६ सभासदांच्या स्थायी समितीपुढें येतात. त्या समितींत जाण्यासाठीं केवढी ओढाताण चालते, हें साऱ्या शहराला ठाऊक आहे. अधिकार नाहींत तर ही ओढाताण कशासाठीं? समितींत जातांना अधिकार असतात आणि लोकांपुढें येतांना नसतात, ही कोणती जादू?

दुसरा बचाव: “हें माझ्याकडे नाहीं, दुसऱ्या नगरसेवकाकडे आहे.” एका प्रभागांतून चार-चार सभासद निवडण्याची पद्धत आल्यापासून हा बचाव फार सोयीचा झाला आहे. चौघांच्या सामाईक विहिरीचा गाळ कोण काढतो, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. काम झालें तर चौघांचीं नांवें पाटीवर. काम बिघडलें तर चौघे चार दिशांस. यावर उपाय एकच: चौघांनाहि एकाच सभेंत, एकाच सतरंजीवर बसवा. मग कोण कोणाकडे बोट दाखवितो तें लोकांस डोळ्यांनीं दिसेल.

तिसरा बचाव कोणी बोलून दाखवीत नाहीं, पण रोज चालवितात. निम्म्या जागा बायांच्या आहेत. निवडून बाई येते आणि कारभार तिचा नवरा करतो! अर्ज त्याच्याकडे, फोन त्याच्याकडे, बैठकींत खुर्ची त्याची. बाई फक्त सही आणि सत्काराला. ज्या महाराष्ट्रांत सावित्रीबाईंनीं शेणगोळे झेलून मुली शिकविल्या, तेथें नगरसेविकेनें बोलावयाचें नाहीं काय? बायांनो, तुमच्या प्रभागांतल्या बाई सभासदाला सभेंत बोलवा आणि तिच्याच तोंडून उत्तर मागा. तिची खरी सोडवणूक त्यांतच आहे.

हिशेब मागणें ही आमची नवी टूम नव्हे. जोतीराव फुले पुणें नगरपालिकेचे सभासद होते. १८८० सालीं व्हाइसरॉय लिटन पुण्यास येणार म्हणून त्याच्या स्वागतास हजार रुपये खर्च करण्याचें ठरलें. ३२ सभासदांत विरोध करणारा माणूस एकटा, तो म्हणजे जोतीराव! हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा, असें त्यांचें म्हणणें. साहेब खुश होतील कीं नाराज, हें त्यांनीं पाहिलें नाहीं; पैसा कोणाचा आहे, एवढेंच पाहिलें. आणि आमच्याच वऱ्हाडांत पापळच्या शेतकऱ्याच्या पोटीं जन्मलेले पंजाबराव देशमुख १९२८ सालीं अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले, तेव्हां त्यांनीं सार्वजनिक विहिरी अस्पृश्य बांधवांस खुल्या केल्या. मतें तुटतील ही भीति त्यांनाहि होती. विहीर कोणाच्या पैशानें बांधली आहे, हें त्यांस ठाऊक होतें. सभासदानें अहवाल लिहावा तर असा, कीं लोकांनीं तो शंभर वर्षें तोंडपाठ ठेवावा.

आणि गाडगेबाबा? त्यांची समाधि अमरावतींत, विद्यापीठाला त्यांचें नांव, त्यांच्या पुण्यतिथीस साहेबांच्या हातांत नवा कोरा खराटा, आणि समोर फोटोवाला! पण अमरावतीचा कचरा वर्षानुवर्षें सुकळीच्या डेपोवर साचत आला आणि अकोल्याचा नायगांवच्या मैदानावर. तेथें आग लागली कीं धूर कोणाच्या घरांत शिरतो? बाबांनीं धर्मशाळा बांधल्या, पण आपल्या मुलाबाळांस त्यांत एक खोली ठेवली नाहीं. त्यांचा खराटा उचलावयाचा असेल, तर आधीं कचऱ्याच्या ठेक्याचा कागद उचलून लोकांस वाचून दाखवा.

मार्ग काय? मार्ग कायद्यांतच आहे. २००९ सालीं राज्यानें महापालिका कायद्यांत दुरुस्ती करून ‘क्षेत्रसभा’ आणली. शहराची ती ग्रामसभाच होय. त्या क्षेत्रांतील प्रत्येक मतदार तिचा सभासद, आणि ती बोलावून तिच्यापुढें उभें राहणें हें नगरसेवकाचें काम. कायदा होऊन इतकीं वर्षें झालीं; अमरावती-अकोल्याच्या वाचकांनीं आपल्या छातीवर हात ठेवून सांगावें, अशा किती सभांस तुम्ही गेलां? हा शब्द तरी पूर्वीं ऐकला होता काय? ज्या कायद्यानें पुढाऱ्यास प्रश्न विचारतां येतो, तो कायदा कपाटांत. आणि ज्या कायद्यानें तुमची टोपली उचलतां येते, तो कायदा रस्त्यावर!

म्हणून आमचें सांगणें असें. प्रत्येक प्रभागांतील पंचवीस-पन्नास घरांनीं मिळून नगरसेवकांकडे लेखी अर्ज द्यावा कीं क्षेत्रसभा बोलवा. अर्जाची पोंच घ्यावी. सभा मारुतीच्या पारावर भरो, बुद्धविहारांत भरो, दर्ग्याच्या पटांगणांत भरो किंवा शाळेच्या वर्गांत भरो. तींत सर्व जातीधर्मांचे लोक, बायका आणि म्हातारे असावेत, आणि पुढील पांच प्रश्न विचारावेत:

१. आपल्या प्रभागांतून गेल्या वर्षीं किती कर गोळा झाला आणि येथें किती खर्च झाला?

२. कोणतें काम, कोणास, किती रुपयांस दिलें, आणि तें बिघडल्यास किती वर्षें ठेकेदारानें फुकट दुरुस्त करावयाचें आहे?

३. पाणी कोणत्या दिवशीं येणार, आणि न आल्यास कोणत्या अधिकाऱ्यास विचारावयाचें?

४. झाडूवाले, कचरागाडी आणि दवाखाना यांची आपल्या वस्तीची वेळ व हजेरी काय?

५. प्रशासकाच्या काळांत, मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ पर्यंत, आपल्या प्रभागाच्या नांवानें किती खर्च पडला?

पांचवा प्रश्न विसरूं नका. नवे साहेब म्हणतील, “तेव्हां आम्ही नव्हतों.” खरें आहे, पण कागद तर होते! ते आतां तुमच्या हाताखालीं आले आहेत, ते उघडा. आणि साहेबांनीं टाळलें, तर १० रुपयांचा माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहे. ३० दिवसांत उत्तर देणें कायद्यानें भाग आहे. ज्या घरांत शिकलेली मुलगी आहे, त्या घरांत वकिलाची गरज नाहीं. बापानें सांगावें आणि लेकीनें लिहावें.

ही भांडणाची भाषा नव्हे. जो नगरसेवक हिशेबाची वही घेऊन सभेंत येईल, त्याचें पुस्तक गुळगुळीत कागदावर नसलें तरी चालेल. आम्ही त्याच्या मागें उभे राहूं, तो कोणत्याहि पक्षाचा असो. त्याचें काम अडलें तर त्याच्याबरोबर आयुक्ताच्या दारापर्यंत चालत जाऊं. पण जो येणार नाहीं, त्याचें नांव पांच वर्षें लक्षांत ठेवूं.

कापूस विकतांना शेतकरी व्यापाऱ्याच्या तराजूकडे डोळ्यांत तेल घालून पाहतो. कारण एकदां माल हातचा गेला कीं बोलून उपयोग नाहीं, हें तो अनुभवानें शिकला आहे. मत हाहि मालच होता, आणि तो आपण देऊन बसलों. पण या सौद्यांत एक सवलत आहे: पांच वर्षें तराजू आपल्यासमोर टांगलेला आहे. त्याकडे पाहावयाचें कीं फ्लेक्सवरच्या चित्राकडे, हें आतां तुम्हींच ठरवावयाचें!